हॉस्पिटल खरं वाटतं, पण धाकधूक होत नाही: कादंबरी लिहिणाऱ्या एका सिस्टरना उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आयसीयूत अकरा वर्षं नोकरी, रात्रपाळ्या सांभाळून दीड वर्षात लिहिलेले चाळीस हजार शब्द, प्रेम आणि रहस्य दोन्ही असलेली कादंबरी. तीन मैत्रिणींना वाचायला दिलीत आणि तिघी एकच बोलल्या: हॉस्पिटल अगदी खरं वाटतं, पण पुढे काय होईल याची धाकधूक वाटत नाही, आणि नायिका इरा, म्हणजे नर्स, आणि तिचा सहकारी समीर एकमेकांच्या प्रेमात का पडतात तेही कळत नाही. त्यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: उत्कंठा वाढवायची कशी, रुग्णांचे खरे अनुभव वापरावेत का, आणि नीट लिहायचं तर नोकरी सोडावी का.

मी एकोणीस वर्षं नर्स होते, निम्मी सर्जिकल वॉर्डात, निम्मी आयसीयूत. आता पूर्णवेळ लिहिते. सात कादंबऱ्या झाल्या, सगळ्या याच जातकुळीच्या. पहिलीचा पहिला खर्डा तुमच्यासारखाच होता. मीही त्यात रहस्य 'वाढवायला' गेले होते. एक खून होता, त्याचे दोन केले, आणि लिफ्टमध्ये एक पाठलाग घातला. (लिफ्टमध्ये पाठलाग कसा होतो ते विचारू नका.) काही फरक पडला नाही. दुखणं दुसरीकडेच होतं.

तुम्ही प्रश्नासोबत तिसऱ्या प्रकरणातला हा तुकडा दिलाय:

"रात्री दोन वाजता चार नंबरच्या बेडवरच्या रुग्णाचा रक्तदाब ८०/५० झाला. त्यांना अंतर्गत रक्तस्राव होत होता. इराने लगेच डॉक्टरांना फोन केला, सलाइन वाढवलं, ऑक्सिजन लावला. ती खूप घाबरली होती. समीर मदतीला आला. त्याला पाहून तिला धीर आला."

यात वैद्यकीय चूक एकही नाही. पण हे ओव्हर देतानाचं बोलणं आहे. रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला सांगते ते: कोण, काय झालं, कशामुळे, काय केलं, आता कसं आहे. आपल्याला हेच शिकवलेलं असतं. एसबार पद्धत तुम्ही बहुधा रोज वापरत असाल. आधी सद्यस्थिती, मग पार्श्वभूमी, मग आपला अंदाज, मग काय हवंय ते. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून हॉस्पिटलांत आली. पाणबुडी काय आणि आयसीयू काय, ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवणं तिथे गुन्हाच. रात्री दोनला डॉक्टरांना फोन करून "आज काकांच्या चेहऱ्यावर एक वेगळीच सावली होती" अशी सुरुवात केलीत तर काय ऐकून घ्यावं लागेल ते मी सांगायला नको.

कादंबरीचा वाचक मात्र ताटकळायलाच आलेला असतो. अनिश्चितता दिसली की ती मिटवायची, ही आपली इतक्या वर्षांची सवय कागदावर आपल्याच मुळावर येते. "अंतर्गत रक्तस्राव होत होता" हे तुम्ही दुसऱ्याच वाक्यात सांगून टाकलंत. निदान झालं, उपचार सुरू झाले, समीरही येऊन पोचला. वाचकाने आता काळजी कशाची करायची? तुमच्याकडे रहस्याची कमतरता नाही, तुम्ही ते फार तत्परतेने बरं करताय.

निदान दोन पानं पुढे ढकललं की काम झालं, असंही नाही. मी तसं करून पाहिलंय, वाचकाला ते लपवाछपवीसारखं वाटतं. लिहायचं ते हे: निदानाच्या आधी नर्सला काय दिसतं. रक्तदाब पडतो तो बराच उशिरा, हे तुम्हाला माहीत आहे. त्याआधी शरीर कितीतरी वेळ सांभाळून घेत असतं, आणि बहुतेक वेळा सगळ्यात आधी बदलतो तो श्वास. नोंदींमध्ये सगळ्यात हयगयीने लिहिला जाणारा आकडाही तोच, कारण तो मोजायला पूर्ण मिनिट बेडशेजारी उभं राहावं लागतं आणि ते मिनिट कोणाकडेच नसतं. मी उत्कंठा शिकले ती इथेच. धोका सुरू झालेला आहे, खूण डोळ्यांसमोर आहे, पण ती इतकी किरकोळ आहे की घाईतला माणूस तिच्यावरून पुढे निघून जातो.

तुमचाच प्रसंग मी लिहून पाहिला. एक बदल केला. काकांना आयसीयूतून वॉर्डात आणलं, कारण आयसीयूत श्वास मॉनिटर मोजतो आणि माणसाला चुकायला जागा कमी उरते.

"चार नंबरचे काका जागे होते. 'झोप येत नाही का?' तिने विचारलं. 'येतेय,' ते म्हणाले, थांबले, श्वास घेतला, आणि मग म्हणाले, 'की.' इराने टॉर्च खाली केला. त्यांच्या छातीवरच्या चादरीकडे बघत तिने पूर्ण मिनिट मोजलं. सव्वीस. परत मोजलं. सव्वीस. तिने चार्ट काढला. दहा वाजता अठरा. बारा वाजता अठरा. एक वाजता अठरा. तिन्ही नोंदींपुढे समीरची सही होती."

इथे रक्तस्रावाचं नाव नाही. "ती घाबरली" हेही नाही, पण दुसऱ्यांदा मोजणारी बाई घाबरलेली असते हे वाचकाला बरोबर कळतं. आणि बघा, आता दोन प्रश्न एकदम उभे राहिले. काकांना आत काय होतंय? आणि समीरने खरंच मोजलं होतं का? पहिला प्रश्न रहस्याचा, दुसरा प्रेमाचा. एकाच कागदावर.

तुमच्या मैत्रिणींच्या दुसऱ्या तक्रारीचं मूळही इथेच आहे. तुमच्या आराखड्यात (तुम्ही थोडक्यात दिलाय त्यावरून) एक प्रकरण संशयास्पद मृत्यूंचं, एक प्रकरण इरा-समीरचं, पुन्हा एक मृत्यूंचं, अशी आळीपाळी चाललीय. मी स्वतःच्या हस्तलिखिताला एक परीक्षा लावते. प्रेमाचा धागा पूर्ण उपसून काढला तर रहस्य जसंच्या तसं उभं राहतं का? राहत असेल तर त्या दोन कादंबऱ्या आहेत, बाइंडिंग फक्त एक आहे. या प्रकारच्या लेखनात धोक्याने टाकलेल्या प्रत्येक पावलामुळे त्या दोघांमधलं काहीतरी हललं पाहिजे, आणि ते दोघं जवळ आल्यामुळे किंवा दुरावल्यामुळे धोका वाढला किंवा कमी झाला पाहिजे. दोन्हींची समाईक बिजागरी म्हणजे विश्वास. रहस्यकथा विचारते, कोणावर विश्वास ठेवू? प्रेमकथाही तेच विचारते, फक्त हळू आवाजात.

आणि विश्वास ही तर आपल्या रोजच्या कामातली वस्तू. जोखमीचं इंजेक्शन देण्याआधी दोघांनी मिळून तपासायचं असतं: रुग्ण बरोबर, औषध बरोबर, मात्रा, मार्ग, वेळ. एक जण लेबल वाचतो, दुसरा ऑर्डरशी ताडून पाहतो. नियम असा की दुसऱ्याने स्वतः वाचायचं, पहिल्याचं ऐकून मान डोलवायची नाही. आता प्रेमात पडलेल्या दोन माणसांना या कामाला लावा. ती लेबल न वाचता सही करते, कारण तो म्हणाला बरोबर आहे. हा तिच्या प्रेमाचा पुरावा आहे, आणि निष्काळजीपणाचाही. किंवा उलट: महिन्यांनंतर पहिल्यांदाच ती त्याच्या हातातून कुपी घेते आणि स्वतः वाचते. एक शब्द न बोलता भांडण झालं. असले प्रसंग बाहेरच्या लेखकाला सुचत नाहीत. तुमच्याकडे ते ढीगभर असणार.

(किती प्रेम आणि किती रहस्य, हे मात्र मी सांगू शकत नाही. ते तुम्ही पुस्तक कोणासाठी लिहिताय त्यावर आहे. प्रेमकथा म्हणून हातात घेणाऱ्या वाचकाला शेवटी दोघं एकत्र हवी असतात आणि तिथे फसवलंत तर तो पुन्हा तुमच्या वाटेला जाणार नाही. रहस्यकथेच्या वाचकाला प्रेम अपुरं राहिलेलं चालतं, पण दोषी कोण हे कळायलाच हवं. मुख्य कोणता वाचक, ते आताच ठरवा. दोन्ही म्हणालात तरी शेवटच्या प्रकरणात एकाला झुकतं माप द्यावंच लागतं.)

आपल्याआधी ही वाट चाललेल्या नर्स बऱ्याच आहेत. अमेरिकी लेखिका मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट १८९६ मध्ये पिट्सबर्गच्या शाळेतून नर्स झाल्या आणि १९०८ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या रहस्यकादंबरीने त्यांचं नाव झालं. त्यांच्या नावाशी एक युक्ती कायमची जोडली गेली: निवेदिका मागे वळून म्हणते, "तेव्हा मला हे कळलं असतं तर..." ही युक्ती पुढे इतक्यांनी इतकी वापरली की तिची टिंगल सुरू झाली. मीही ती एका पुस्तकात एकदाच वापरते. पण ती एका नर्सला सापडावी याचं मला नवल वाटत नाही. वाईट रात्रीनंतर घरी जाताना आपण दुसरं काय करतो? बाराचा राउंड पुन्हा आठवायचा, तिथे काही दिसलं होतं का ते शोधायचं. राइनहार्टबाईंच्या एका कथामालेत तर नायिकाच नर्स आहे, पोलीस तिला संशयित घरांत शुश्रूषेसाठी पाठवतात. यातली मेख तुम्हाला लगेच कळेल. नर्ससमोर माणसं गप्प बसायचं विसरतात. नातेवाईक मृत्युपत्रावरून भांडतात, डॉक्टर एकमेकांवर ढकलतात, आणि आपण तिथेच सलाइन बदलत उभ्या असतो, भिंतीचा भाग असल्यासारख्या. तुमच्या कादंबरीत गुन्ह्याचा धागा डॉक्टरसाहेबांच्या हुशारीने सुटतो. तो इराकडे द्या. डॉक्टर राउंडला दहा मिनिटं येतात, ती बारा तास तिथे असते.

आता प्रेमाबद्दल थोडं सावकाश बोलते, कारण मला सगळ्यात जास्त वेळ तिथेच लागला.

आपली नोंद लिहायची पद्धत दोन गोष्टी शिकवते. एक चांगली, एक घातक. चांगली ही की आपण निष्कर्ष लिहीत नाही, दिसलं ते लिहितो. "रुग्ण दुःखी आहे" असं लिहिलं तर जुन्या इनचार्ज सिस्टर लाल रेघ मारायच्या. "भिंतीकडे तोंड करून पडून आहे, जेवण परत पाठवलं, विचारल्यावर एका शब्दात उत्तर" असं लिहायचं. लेखनाच्या कार्यशाळांत लोक हेच शिकायला जातात, तुम्हाला ते आधीच येतं. मग "त्याला पाहून तिला धीर आला" असं का लिहिलंत? कारण कादंबरी म्हटल्यावर भावना लिहायच्या असतात, असं आपल्याला वाटतं. समीरकडेही चार नंबरच्या रुग्णाकडे बघता तसं बघा. तो दार कसं ढकलतो, थकल्यावर कोणता खांदा उतरतो, मास्क काढल्यावर नाकावरची खूण किती वेळ राहते.

घातक गोष्ट ही की नोंदीत लिहिणारी बाई नसतेच. "औषध दिले गेले. नातेवाईकांना कल्पना देण्यात आली." कोणी दिली? देताना तिचा घसा कोरडा पडला होता का? नोंदीत याला जागा नाही आणि नसावीही. पण तीच सवय प्रेमप्रसंगात आली की इराच गायब होते. तुमच्या उताऱ्यातली इरा काम करते, पण त्या खोलीत तिला काही ऐकू येत नाही, कसला वास येत नाही, तिचे पाय दुखत नाहीत.

शिवाय आपलं स्पर्शाचं गणित इतरांहून वेगळं असतं. नेहमीच्या प्रेमकथेत हाताला हात लागला की वीज चमकते. आपण दिवसात चाळीस माणसांना हात लावतो, अंग पुसतो, कूस बदलतो. इराला समीरच्या बोटांचा स्पर्श झाला आणि ती शहारली, असं वाचलं तर माझ्यातली नर्स म्हणेल, छे. मग नर्सला जवळीक कशात वाटते? माझ्या मते, कोणीतरी आपली काळजी घेतली तर. ती दोन मिनिटं बसली आहे हे पाहून त्याने तिच्या बेडची घंटा स्वतः घेतली. पहाटे चारला, जेव्हा शरीर सगळ्यात मंद असतं, त्याने तिची हिशेबाची बेरीज न सांगता परत तपासली. आणि ग्लोव्ह्जशिवायचा स्पर्श. माझ्या तिसऱ्या कादंबरीतला जो प्रसंग वाचकांना सर्वात जवळचा वाटतो त्यात तो फक्त ग्लोव्ह काढतो आणि तिच्या कपाळाला ताप आहे का ते बघतो. एवढंच. त्याआधी दीडशे पानं त्याने एकदाही ग्लोव्ह काढलेला नव्हता, त्याचं ते फळ.

एक सावधगिरी. प्रेम नर्स आणि तिच्या देखरेखीखालचा रुग्ण यांच्यात घालू नका, निदान तो रुग्ण असेपर्यंत. व्यवसायाच्या नीतिनियमांत ते बसत नाहीच, पण कथेतही बसत नाही. ज्याला उठून बसायला तुमची मदत लागते तो तुम्हाला मोकळेपणाने 'नाही' म्हणू शकत नाही, आणि चाणाक्ष वाचकाला ते खटकतं. तुमचे दोघं सहकारी आहेत, तेव्हा हा प्रश्न तुम्हाला नाही. वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं.

वैद्यकीय तपशिलांबद्दल. इतर लेखकांना मी सांगते की मॉनिटरवर रेघ सरळ झाली की शॉक देत नाहीत, शॉक लागतो तो हृदय वेड्यासारखं थरथरत असेल तेव्हा. रुग्ण किती शुद्धीवर आहे ते मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलचा सगळ्यात कमी आकडा ३ असतो, शून्य नाही. घशातली श्वासाची नळी काढल्यावर माणूस लगेच भाषण करत नाही, आवाज बसलेला असतो. या चुका तुम्ही करणार नाही. तुमचा धोका उलटा आहे: सगळं बरोबर आहे म्हणून सगळं लिहायचं. माझ्या पहिल्या पुस्तकात हृदय बंद पडण्याचा प्रसंग सहा पानांचा होता. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन, सगळं वेळेसकट. संपादकांनी समासात लिहिलं: "चौथ्या पानावर मी चहा करायला उठले." शेवटी दीड पान उरलं. त्यात राहिलं ते असं: तळव्याखाली बरगडी मोडल्याचा आवाज, दर दोन मिनिटांनी बदलणारे हात आणि मोठ्याने मोजणारा एक आवाज, आणि दाराबाहेर कोणाच्या तरी चपला, एक सरळ, एक उलटी. माझा निकष साधा आहे: या तपशिलामुळे कोणाला काही ठरवावं लागतं का? श्वासांचे १८ आणि २६ राहतात, कारण त्यावर इराला समीरबद्दल काहीतरी ठरवायचंय. ८०/५० गेला तरी चालेल.

खुनाचं साधन हा वेगळा विषय. आपल्याला औषधांबद्दल जे माहीत आहे ते सगळं छापायची गरज नाही. ॲगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात आधी स्वयंसेवक नर्स होत्या, मग हॉस्पिटलच्या औषधालयात काम करायला लागल्या. विषांचं ज्ञान त्यांना तिथे मिळालं आणि १९२० मध्ये आलेल्या पहिल्याच कादंबरीपासून ते कामी आलं. त्यांच्याबद्दलची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट १९७७ ची आहे. लंडनमधल्या एका हॉस्पिटलात एका लहानग्या मुलीचा आजार उमगत नव्हता. तिची शुश्रूषा करणारी नर्स त्या दिवसांत ख्रिस्तीबाईंची एक कादंबरी वाचत होती. त्यात थॅलियम या विषारी धातूच्या विषबाधेची लक्षणं होती, केस गळणं धरून. तिने शंका बोलून दाखवली, तपासणी झाली, थॅलियमच निघालं. लक्षात घ्या, बाईंनी नेमकेपणाने लिहिलं ते लक्षणांबद्दल. मीही तेच पाळते. शरीरावर काय दिसतं आणि गुन्हा पकडला कसा जातो ते चोख लिहायचं, मात्रा आणि कृती धूसर ठेवायची. वाचकाला पाककृती नको असते. आणि कृपा करून सलाइनच्या नळीतल्या एका बुडबुड्याने कोणाला मारू नका. आपल्यापैकी कोणी ते वाचलं तर हसेल, आणि रुग्णांचे नातेवाईक मात्र रात्रभर नळीकडे बघत बसतील.

आता रुग्णांचे अनुभव. नावं बदलली की झालं, असं तुम्ही लिहिलंय. नाही झालं. माणूस नावाने ओळखू येतो त्याहून जास्त एखाद्या लकबीने ओळखू येतो. माझ्या पहिल्या पुस्तकात मी एका रुग्णाच्या पतीचं नाव, वय, आजार, सगळं बदललं होतं. एकच तपशील ठेवला, कारण तो फार सुंदर होता. छपाईच्या आधी एका जुन्या सहकारी मैत्रिणीने वाचलं आणि लगेच म्हणाली, "हे तर ते ना?" त्या रात्री मी तो तपशील काढला. तो काय होता ते इथेही सांगत नाही. १८९३ मध्ये तयार झालेली, नाइटिंगेलबाईंच्या नावाने ओळखली जाणारी शपथ आपल्यापैकी अनेकींनी घेतलेली असते (ती त्यांनी स्वतः लिहिलेली नाही, पण ते असो). तिच्यात कामाच्या ओघात कळलेल्या घरगुती गोष्टी मनात ठेवण्याचं वचन आहे. नोकरी सोडल्यावर किंवा रुग्ण गेल्यावर ते संपतं असं कुठे म्हटलेलं नाही.

म्हणून मी घटना घेत नाही. त्या घटनेने माझ्यात जे केलं ते घेते आणि त्याला नवी घटना शोधते. अपराधीपणा माझा, प्रसंग कल्पित. हे अवघड जातं, पण याचा एक फायदा आहे. खऱ्या प्रसंगाला आपण "असंच झालं होतं" म्हणून हात लावत नाही आणि तो कथेत आडवा येतो. कल्पित प्रसंग हवा तसा वाकवता येतो. याशिवाय तुमच्या नोकरीच्या करारात बाहेरच्या लेखनाबद्दल काय आहे ते वाचा. कुठे परवानगी लागते, कुठे फक्त कळवावं लागतं, कुठे काहीच नसतं. टोपणनाव घेतल्याने ही जबाबदारी टळत नाही.

नोकरी सोडण्याबद्दल मी सावधच बोलेन. घरचा खर्च, कोण अवलंबून आहे, तुमची तब्येत, यातलं मला काही माहीत नाही. माझं सांगते: चौथ्या पुस्तकापर्यंत सोडली नव्हती, मग अर्धवेळ केली, सहाव्यानंतर सोडली. त्याआधी आठवड्यातून चार दिवस, दिवसाला ३०० शब्द, ड्युटीच्या आधी. आठवड्याला १,२००. या वेगाने ८०,००० शब्दांचा खर्डा सव्वा वर्षाच्या आसपास होतो. सलग रात्रपाळ्यांच्या आठवड्यात लिहायचं नाही, फक्त वाचायचं. रात्रपाळीनंतर सकाळी लिहिलेलं मला दुपारी अलौकिक वाटायचं आणि दोन दिवसांनी कचरा. वॉर्डात लिहायचं नाही, फोनवर टिपणही नाही, हे मी कडक पाळलं. आणि उशीर झाला अशी भीती असेल तर प्रेमकथा लिहिणाऱ्या इंग्लिश लेखिका बेटी नील्स यांचं बघा. त्या नर्स म्हणून निवृत्त झाल्या, पहिली प्रेमकथा १९६९ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर छापून आली, आणि पुढे त्यांनी शंभरहून अधिक लिहिल्या. तुम्ही दीड वर्षात चाळीस हजारांवर आहात. वेळ ही तुमची अडचण दिसत नाही.

या चाळीस हजारांचं काय करायचं? फेकू नका, आणि पहिल्या पानापासून सुधारत बसू नका, त्यात वर्ष जाईल. एका रंगाच्या पेनाने फक्त ती वाक्यं अधोरेखित करा जिथे तुम्ही निदान सांगितलंय: आजाराचं, भावनेचं, माणसाच्या स्वभावाचं. "तो विश्वासू होता" हेही निदानच. बहुतेक वाक्यं पुढे सरकवता येतील, काही उडवता येतील. मग आळीपाळीच्या प्रकरणांतली कोणतीही एक जोडी घ्या आणि दोन्ही प्रसंग एकाच खोलीत, एकाच रात्री घडवता येतात का ते बघा.

सुरुवात तिसऱ्या प्रकरणापासून, त्या चार्टपासून करा. समीरने मोजलं होतं की नाही ते तुम्ही आज ठरवून ठेवा, इराला मात्र बरंच पुढे जाईपर्यंत कळू देऊ नका. मी लिहिलं असतं तर दहा आणि बाराचे अठरा त्याने खरंच मोजलेले असते. एक वाजता तो त्या मजल्यावर नव्हताच. आणि एकच्या नोंदीपुढची सही, नीट पाहिली तर, त्याची नाही.